बापाला शिकवलेलं ‘तुम्ही’

मी इंग्रजी शिकले ती एका माणसावर सूड उगवायला. रोह्याच्या शाळेतून निवृत्त झाले तेव्हा निरोपसमारंभात माझं भाषेवरचं प्रेम, माझी ज्ञानाची ओढ असं बरंच काही बोललं गेलं. मी शाल पांघरून गुमान ऐकून घेतलं. खरं कारण सांगितलं असतं तर त्यांनी शाल परत मागितली असती. आता कुणाची भीडभाड राहिलेली नाही, तेव्हा सांगून टाकते.

आमचं गाव धरमतरच्या खाडीच्या काठाला. बाप मिठागरावर कामाला, पावसाळ्यात भाताच्या शेतात. आमच्याकडे सगळ्यांना ‘तू’ म्हणतात. बापाला तू, आजीला तू, सरपंचाला तू, देवालासुद्धा तू. त्यात कुणाचा मान कमी होत नाही. मान द्यायचा तर आम्ही टोपी काढतो, आवाज खाली आणतो, उभे असलो तर वाकतो. शब्द बदलून मान देतात हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. म्हणून माझ्या बापाला मी इथे लिहितानाही ‘तो’च म्हणणार आहे. ज्या मास्तरबद्दल सांगायचं आहे त्यालाही ‘तो’च म्हणणार, पण त्याचं कारण वेगळं आहे.

आठवीला मी पेणच्या हायस्कूलला जायला लागले. गावातून एसटीने पेणला शिकायला जाणारी मी पहिलीच मुलगी. पहिल्याच आठवड्यात इंग्रजीच्या तासाला सर्वनामं निघाली. मास्तर इंग्रजीचा, पेणमध्येच वाढलेला, इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं. त्याने फळ्यावर ‘यू आर अ गुड टीचर’ असं लिहिलं आणि विचारलं, याचं मराठी कोण सांगेल? मला येत होतं. मी हात वर केला, उभी राहिले आणि त्याच्याकडे बघून खणखणीत आवाजात म्हणाले, “तू चांगला मास्तर हायस.”

सगळा वर्ग खो खो हसत सुटला. मला वाटलं, उत्तर आवडलं सगळ्यांना, म्हणून मीही हसले. त्या हसण्यानेच घात केला. मास्तरला वाटलं, ही मुद्दाम टिंगल करतेय. त्याने मला व्हरांड्यात काढलं आणि सांगितलं, बाप येईपर्यंत वर्गात पाय ठेवायचा नाही.

दोन दिवस मी व्हरांड्यात बसून काढले. तिसऱ्या दिवशी बाबा आला. शेतातलं काम टाकून आला, धुतलेला सदरा घालून आला. वर्गाच्या दाराशी टोपी काढून हातात घेतली, जरा वाकला आणि अगदी हळू आवाजात म्हणाला, “मास्तर, माजे पोरीला तू भाईर कशाला बसवलीस? काय चुकला तिचा?”

आमच्या गावात याहून अदबीने कुणी कुणाशी बोललेलं मी ऐकलेलं नाही. पण मास्तरच्या कानात त्यातला एकच शब्द शिरला. त्याचा चेहरा लाल झाला.

“‘तू’ कोणाला म्हणतोस रे? मी काय तुझ्या मिठागरावर फावडं मारायला येतो?”

“नाय, तसा नाय...”

“ये असा आत. इथे उभा राहा, मुलांसमोर. तुमच्या मुली अशा का बोलतात ते कळलं मला. आधी बापालाच शिकवायला हवं. म्हण, सर, तुम्ही.”

बाबाला वाटलं, इतकंच हवं असेल तर काय बिघडलं. त्याने म्हटलं, “सर, तुमी.”

“तुमी नाही. तुम्ही. मोठ्याने.”

पन्नासएक पोरं समोर बसलेली. मी दारात. बाबाच्या हातात टोपी. तो तीनदा म्हणाला आणि तिसऱ्यांदा बरोबर म्हणाला. तेव्हा पोरांनी टाळ्या वाजवल्या. मास्तरने वाजवायला सांगितल्या नव्हत्या, पण थांबवल्याही नाहीत. “जा आता,” तो बाबाला म्हणाला, “हिला आत बसू दे.”

संध्याकाळी पेणच्या स्टँडवर बाबा माझ्यासाठी थांबलेला दिसला. एसटी यायला वेळ होता. तो बाकावर बसून काहीतरी पुटपुटत होता. मला वाटलं, मास्तरला शिव्या देतोय, आणि मला बरं वाटलं. जवळ गेले तेव्हा कळलं, तो ‘तुम्ही, तुम्ही’ म्हणत होता. परत कधी शाळेत यावं लागलं तर विसरायला नको म्हणून. त्या बाकाजवळ उभी असताना मी ठरवलं की या मास्तरला एक दिवस असंच उभं करायचं, असंच तीनदा बोलायला लावायचं, तेही माझ्या बापासमोर.

आता हे करायचं कसं? मारामारी माझ्याच्याने होणारी नव्हती. मास्तरला एकाच गोष्टीचा गर्व होता, इंग्रजीचा. तेव्हा तिथेच गाठायचं ठरवलं. रद्दीवाल्याकडून एक फाटकं व्याकरण मिळवलं आणि एसटीत येता-जाता सर्वनामांचा तक्ता घोकायला लागले. ही, हिम, हिज. शी, हर, हर्स. तो तक्ता मला आजही झोपेत विचारा.

मराठीत वाढलेल्यांना तो कठीण जायचा, कारण आमच्या तोंडात होडी ती, भरती ती, खाडीही ती. मी निबंधात खाडीला ‘शी’ लिहिलं आणि मास्तरने वही उंच धरून विचारलं, “खाडी काय बाई आहे? साडी नेसते?” पुन्हा हशा. मी खाली मान घालून ‘इट’ लिहिलं आणि मनात हिशेबाला आणखी एक रेघ ओढली. इंग्रजीत निर्जीव ते सगळं ‘इट’. कर्ता असेल तर ‘आय’, कर्म असेल तर ‘मी’, मराठीतला मी नव्हे. प्रत्येक नियम मी राग धरून पाठ केला. रागाने पाठ केलेलं विसरत नाही, हे मी पुढे माझ्या विद्यार्थ्यांना कधी सांगितलं नाही, सांगायला हवं होतं.

आणि एक दिवस माझ्या लक्षात आलं की या भाषेत तू आणि तुम्ही वेगळे नाहीतच. जे यू बापाला, तेच यू मास्तरला, तेच यू कुत्र्याला. वर आणखी गंमत म्हणजे स्वतःसाठीचा ‘आय’ कुठेही आला तरी मोठ्या लिपीत लिहायचा, आणि समोरच्याचा ‘यू’ वाक्याच्या मध्ये आला तर छोट्या. म्हणजे मिठागरावरच्या पोरीचा आय मोठा आणि मास्तरचा यू छोटा. मला इतका आनंद झाला की मी एसटीत एकटीच हसले. दहावीच्या सराव परीक्षेत आपल्या शिक्षकांना पत्र लिहा असा प्रश्न आला, तेव्हा मी दीड पानभर मोठे आय आणि छोटे यू पेरले. मास्तरने पत्र तपासलं. त्यात एकही चूक नव्हती. त्याने पैकीच्या पैकी गुण दिले आणि खाली शाबास लिहिलं. त्याला काही कळलंच नाही. मला रडायला आलं.

मग कॉलेज, बीएड, आणि रोह्याच्या शाळेत इंग्रजीची नोकरी. ऑर्डर हातात पडली त्या दिवशी मी पेढे घेऊन गावी गेले. बाबा ओटीवर होता. मी पाया पडायला वाकले तर तो मागे सरकून उठला.

“या, बाय. बसा तुम्ही.”

मला वाटलं चेष्टा करतोय. मी हसले, पेढा भरवला. पण तो हसला नाही. जेवताना म्हणाला, “तुम्ही भात घ्या आजून.” रात्री म्हणाला, “तुम्ही दमला असाल.” आई कपाळाला हात लावून बघत होती.

“बाबा, असा काय बोलतस मना?” मी विचारलं. “मी परकी हाय का?”

“तसा नाय, बाय. मास्तर मानसांना तुम्ही म्हनाचा असतं. शिकलोय मी.”

मी भांडले, रडले, शपथ घातली. आई त्याला म्हणाली, “आरं, तुजी पोर हाय ती.” त्याने मान हलवली, आणि दुसऱ्या दिवशी एसटीपर्यंत सोडायला आला तेव्हा म्हणाला, “नीट जा तुम्ही.” आई शेवटपर्यंत मला ‘तू गो’ म्हणायची. बाबा मात्र त्या दिवसापासून नाही. सणाला गेले की घरात सगळे एकमेकांना तू म्हणायचे, आणि तेवढ्यात माझ्याकडे वळून बाबा तुम्ही म्हणायचा, आणि मला पाहुण्यासारखं सावरून बसावं लागायचं.

मला माझं ‘तू’ परत हवं होतं. दुसरं काही नको होतं. आणि ते कुणी नेलं हे मला पक्कं ठाऊक होतं. माझ्या डोक्यात गणित सरळ होतं: ज्याने बाबाला लहान केलं त्यानेच येऊन बाबाला ‘तुम्ही’ म्हणायचं. मग बाबाला वाटेल आपणही मास्तरच्या बरोबरीचे, भीती जाईल, आणि मला तो पुन्हा तू म्हणेल. यात चूक कुठे होती ते मला तेव्हा दिसलं नाही.

बरीच वर्षं संधी आली नाही. मग आली ती रोह्याजवळच्या धाटावला. तिथल्या एका कंपनीने कामगारांसाठी इंग्रजीचा वर्ग सुरू केला होता. शिफ्ट संपताना लॉगबुक इंग्रजीत लिहावं लागायचं आणि त्यात घोटाळे व्हायचे. शाळा सांभाळून मी रविवारी तिथे शिकवायचे. मी पहिल्या दिवशीच त्यांना सांगून टाकलं होतं की लॉगबुकात ‘ही’ आणि ‘हिम’ फार लिहू नका. सर्वनाम कुणाबद्दल आहे ते वाचणाऱ्याला आधीच ठाऊक असेल तरच वापरायचं. ठाऊक नसेल तर सरळ नाव लिहा, पंपाचा नंबर लिहा. त्यांना ते लगेच पटलं, कारण त्यांच्या हातात गरम पाइप होते. शाळेतल्या मुलांना हे पटायला वर्ष लागतं.

दोन वर्षांनी माझ्याच्याने ते जमेना. माझ्या जागी कुणाला घ्यायचं ते कंपनीने माझ्यावरच सोपवलं. अर्ज आले. त्यातला एक पेणहून आला होता. निवृत्त शिक्षक, इंग्रजीचा दीर्घ अनुभव. सही बघितली आणि लगेच ओळखली. निबंधाच्या वहीत तीच सही मी तीन वर्षं बघितली होती.

मी त्याला प्रात्यक्षिकाला बोलावलं. विषय मुद्दाम सर्वनामं दिला. तो आला तेव्हा मी शेवटच्या बाकावर कामगारांमध्ये बसले. केस पिकलेले, शर्ट तसाच इस्त्रीचा, खिशाला आता एकच पेन. त्याने मला ओळखलं नाही. वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, “बाई, घरी बसवत नाही हो. शिकवायला मिळालं तर बरं होईल.” मग वर्गाकडे वळून सुरुवात केली, “मायसेल्फ रिटायर्ड टीचर फ्रॉम पेण.”

“सर,” मी मागून हात वर केला, “मायसेल्फ कशाला? तिथे आय येतो ना?”

तो गडबडला. हसून म्हणाला, हो, बोलताना चालतं तसं. मी म्हटलं, “चालत नाही. पुन्हा सांगता का?” त्याने पुन्हा सांगितलं. त्याला पुन्हा सांगायला लावताना माझ्या जिवाला जो गारवा मिळाला तो लपवण्यात अर्थ नाही.

पुढे त्याने फळ्यावर एक वाक्य लिहिलं: ‘ही टोल्ड हिम दॅट हिज व्हॉल्व्ह वॉज ओपन.’ व्याकरणाच्या दृष्टीने वाक्य अचूक आहे, म्हणाला. रात्रपाळी करून आलेला एक ऑपरेटर उठला.

“सर, व्हॉल्व्ह कुनाचा? सांगनाऱ्याचा का ऐकनाऱ्याचा?”

“वाक्य बरोबर आहे.”

“वाक्य बरोबर हाय हो. पन व्हॉल्व्ह कुनी बंद कराचा? तोवर टाकी वाहून जाल ना.”

सगळे हसले. मी त्यांना थांबवलं नाही. मास्तर खडू हातात धरून फळ्याकडे बघत राहिला. इतकी वर्षं वाट बघितली होती, मी त्या हसण्याचा शेवटचा थेंबसुद्धा सोडला नाही.

वर्ग सुटल्यावर मी त्याला थांबवलं आणि मी कोण ते सांगितलं. गावाचं नाव, तो दिवस, ते उत्तर, बाबाच्या हातातली टोपी. तो चष्मा काढून पुसत ऐकत होता.

“असं केलं मी?” तो म्हणाला. “आठवत नाही हो. पण केलं असेन. तेव्हा असंच वागायचो.”

आठवत नाही! मी अर्धं आयुष्य ज्याच्यावर रचलं ते याच्या लक्षातही नव्हतं. त्याने नाकारलं असतं तर मला इतका राग आला नसता. मी त्याला सांगितलं, वर्ग हवा असेल तर माझ्या गावी यायचं, माझ्या बापासमोर उभं राहायचं आणि त्याला ‘तुम्ही’ म्हणायचं. तीनदा. त्याने चष्मा परत डोळ्यांवर चढवला. मग म्हणाला, “येतो.”

पुढच्या रविवारी मी त्याला पेणला एसटीत बसवून गावी नेलं. बाबा ओटीवर वालाच्या शेंगा सोलत बसला होता. ऐंशीच्या घरातला, गुडघे गेलेले. मी म्हटलं, “बाबा, मास्तर आयलाय. पेनचा.” बाबाने डोळ्यावर हात धरून बघितलं आणि त्याला ओळखलं. माझ्याइतकाच त्यालाही तो लक्षात होता. तो धडपडत उठायला लागला.

“उठू नको,” मी म्हटलं. “आज तो उभा राहनार.”

मास्तर अंगणात उन्हात उभा राहिला. हात जोडले. “तुम्ही बरे आहात ना?” तो म्हणाला.

“एक,” मी म्हटलं.

त्याने माझ्याकडे बघितलं. “तुम्ही... मी तुम्हाला त्या दिवशी...”

“दोन.”

मास्तरने तोंड उघडलं, पण तिसरं ‘तुम्ही’ बाहेर येईना. मी वाट बघत होते. मला तिसरं हवंच होतं. बाबाने हातातली शेंग खाली टाकली.

“पुरं कर र, मास्तर,” तो म्हणाला. “ये, बस तू हितं. पाय भाजतील तुजं.”

मी बाबाकडे बघितलं. इतक्या वर्षांनी त्याच्या तोंडून कुणा शिकलेल्या माणसासाठी ‘तू’ आलं होतं. माझं गणित सुटलं असं मला वाटलं. मी ओटीवर चढून त्याच्याजवळ बसायला गेले. तो माझ्याकडे वळला. आवाज अजिबात चढवला नाही.

“बाय, तुम्ही आत जा. मानसाला असा उभा नाय करीत कोनी.”

मी आत गेले. चुलीपाशी उभी राहिले. ओटीवरून बाबाचा आवाज येत होता, “तू च्या घेशील ना? का ऊन लागला तुला?” आणि मास्तरचं काहीतरी पुटपुटणं. आईने कप माझ्या हातात दिले आणि माझं तोंड बघून परत काढून घेतले. ती स्वतः घेऊन गेली.

धाटावचा वर्ग मी मास्तरला दिला नाही. शब्द दिला होता, तो मोडला, दुसऱ्याचं नाव कळवलं. मास्तरने त्याबद्दल कधी विचारलं नाही. पण त्यानंतर तो अधूनमधून पेणहून एसटीने बाबाला भेटायला येऊ लागला. दोघं ओटीवर बसायचे, शेंगा सोलायचे, मिठाच्या आणि शाळेच्या गोष्टी करायचे. मी रोह्याहून गेले की कधी कधी तोही असायचा, आणि आत स्वयंपाकघरात मला बाबाचं तू, तुला, तुजा ऐकू यायचं, सगळं त्याच्यासाठी. मला बघितलं की बाबा म्हणायचा, “या, बाय. कधी आल्यात तुम्ही?”

दीड वर्षाने बाबा गेला. शेवटच्या दुपारी मी पाणी पाजत होते तेव्हा म्हणाला, “तुम्ही दमलात.” मास्तरला मी माफ केलेलं नाही. आधी त्याने माझ्या बापाला तुम्ही म्हणायला लावलं, आणि नंतर माझ्या वाट्याचं तू तो घेऊन गेला, आणि हे दुसरं मी स्वतः त्याला एसटीत बसवून आणून दिलं.